एकही ओरखडा नाही

नोकरीची शेवटची तीन वर्षं माझं पोस्टिंग मुंबईत होतं. हुद्दा सुभेदार. काम एम.टी. जेसीओचं, म्हणजे युनिटच्या सगळ्या गाड्या, त्यांचे ड्रायव्हर आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. त्याआधी पंचवीस वर्षं मी बर्फात, वाळूत आणि चिखलात गाड्या चालवल्या होत्या. माझं मूळ घर गिरगावात. आजोबा कारकून, वडील बँकेत. घरातून फौजेत गेलेला मी पहिला, तोही बारावीला दोनदा नापास झालो म्हणून.

आता मी शीवला राहतो. आमच्या बिल्डिंगमधली मंडळी रविवारी खाली गाड्या धुतात. धुतलेली गाडी रंगावर ओरखडे न पडता कशी पुसायची, हे मला विचारतात. मी सांगतो. गाडी सावलीत घ्या. अंगठी, घड्याळ, बेल्टचं बकल काढा. शेवटचं पाणी पाइपचं तोंड काढून, वरून सलग सोडा, निम्मं पाणी आपोआप वाहून जातं. मग स्वच्छ धुतलेलं मऊ कापड रंगावर पसरा आणि आपल्याकडे ओढा. घासू नका. गोल गोल फिरवू नका. कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी. आरशाच्या मागे आणि दाराच्या बिजागरीत पाणी दडून बसतं, ते नंतर ओघळतं, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा एक फेरी मारा.

एवढं सगळ्यांना सांगतो. बाकीचं आजवर बिल्डिंगमध्ये कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या युनिटमध्ये एक अडीच टनी ट्रक फक्त समारंभांसाठी राखून ठेवलेला होता. बाकी गाड्यांचा रंग बिनचकाकीचा, या गाडीचा मात्र गडद हिरवा आणि आरशासारखा. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्याच्या तीनच आठवडे आधी तिला नवा रंग दिला होता. नवा रंग वरून वाळला तरी आतून बरेच दिवस कच्चा असतो. रंग देण्याआधी एका परेडला एका मोठ्या साहेबांनी तिच्या दारावरच्या बारीक गोल रेषांवर बोट फिरवलं होतं आणि जवानांसमोर मला विचारलं होतं, गाडी काथ्याने पुसता का. ते मला फार लागलं होतं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मेसेज आला. नाईक नितीन तांबे, ड्रायव्हर, दुसऱ्या युनिटचा. उत्तरेकडे डोंगरातल्या रस्त्यावर ड्युटीवर असताना मृत्यू. पार्थिव उद्या सकाळच्या विमानाने. घर काळाचौकी. अंत्यसंस्कार पूर्ण लष्करी इतमामात, गाडी आमची.

मेसेज वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो रंगाचा. हाराच्या तारा, खिळे, चिकटपट्ट्या, गर्दी. तांबे कोण, त्याच्या घरी कोण आहे, हा विचार दुसराही नव्हता.

सकाळी ०५१५ ला धुवायला घेतली. ड्रायव्हर लान्स नाईक यादव आणि मी. ०७०० ला गाडी कोरडी. फुलांच्या माळा बांधायच्या तारांना मी कापडाच्या पट्ट्या गुंडाळायला लावल्या. १०२० ला विमानतळावर पार्थिव ताब्यात घेतलं. ११४५ ला काळाचौकीत पोहोचलो.

चाळीच्या गल्लीत धूळ उडू नये म्हणून तिथल्या मंडळाच्या पोरांनी टँकर आणून रस्ता भिजवून ठेवला होता. त्यांनी चांगल्या भावनेने केलं होतं. पण आमची गाडी आत शिरेपर्यंत दोन्ही बाजू दारापर्यंत चिखलाने माखल्या. शवपेटी उचलणारे आठ जण पेटी घेऊन चाळीच्या चौकात गेले. तिथे घरच्यांचं अंत्यदर्शन आणि बुद्धवंदना व्हायची होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. कॅप्टन साहेब चौकाच्या दाराशी उभे होते, हातात वॉकीटॉकी. दुसरा माझ्याकडे; त्यावर ते 'वन', मी 'चार्ली'.

"चार्ली, वन. बडे साहब बारा पच्चीस को पहुँच रहे हैं. व्हेईकल पोझिशन?"

"साइड पे कीचड़ है सर. पंद्रह मिनट."

"दस. आउट."

मी पाणी मागितलं. त्या चाळीत पाणी सकाळी तासभर येतं, तेव्हा भरून ठेवलेल्यावर दिवस काढायचा. पन्नाशीच्या एक बाई आपल्या पिंपातून एकामागून एक चार बादल्या भरून आणत गेल्या.  त्यांच्याकडे संध्याकाळला काय उरलं असेल, ते मला घरी गेल्यावर सुचलं.

चिखल उतरवला. उजवी बाजू यादवने पुसायला घेतली, डावी मी. डावी संपवून पुढे वळलो तर बॉनेटपाशी एक म्हातारा उभा. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पायांत काही नाही. खांद्यावरचा टॉवेल त्याने बॉनेटवर पसरला होता आणि तो खाली ओढत होता.

मी ओरडलो.

"ओ, हात काढा! ओरखडे पडतील. गाडीला हात लावायचा नाही."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"सॉरी साहेब," ते म्हणाले. "आरशाखालून पाणी ओघळत होतं."

टॉवेलची घडी घालून ते चौकाकडे गेले. मी यादवकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "कोण सोडतं या लोकांना गाडीजवळ?"

नंतर कित्येक महिने मी स्वतःला समजावलं की 'या लोकांना' म्हणजे गर्दीला. पण गिरगावातल्या आमच्या घरी हे दोन शब्द कोणाबद्दल आणि कोणत्या सुरात बोलले जायचे, ते मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. सूर तोच होता. मला कळला. आजूबाजूच्यांनाही कळला असणार. त्यांना तो माझ्याहून जास्त ओळखीचा.

पाणी आणून देणाऱ्या बाईंनी बादली खाली ठेवली.

"नितीनचे वडील आहेत ते," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. बादली उचलून निघून गेल्या.

चौकाचं दार वीस-बावीस पावलांवर होतं. आत जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायला एक मिनिट लागलं असतं. माझा वॉकीटॉकी वाजला. व्हेईकल रेडी? मी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती.

"रेडी, सर," मी म्हणालो, आणि जागेवरच उभा राहिलो.

बडे साहेब आले. पुष्पचक्र ठेवलं गेलं. पेटी गाडीवर चढली. मी यादवच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. स्मशानभूमीपर्यंत पायी चालणाऱ्यांच्या वेगाने गाडी न्यायची होती, पन्नास मिनिटं. लोक दोन्ही बाजूंनी गाडीला हात लावून चालत होते. कुणी फळीला, कुणी माळांना, कुणी नुसतं चाकावरच्या पत्र्याला. मी कोणालाही अडवलं नाही. तेव्हा रंग माझ्या डोक्यात नव्हता.

डाव्या आरशात मला नितीनचे वडील दिसत होते. पेटीच्या बरोबरीने चालत होते. त्यांच्या मागच्या माणसाचा हात गाडीवर होता, पुढच्याचा होता. त्यांनी मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. एका वळणावर गर्दीचा रेटा आला आणि ते गाडीवर ढकलले गेले. त्यांनी हात सोडवला, खांद्याने तोल सावरला, आणि हात पुन्हा मागे घेतला. शेवटपर्यंत त्यांनी त्या गाडीला हात लावला नाही. मी पन्नास मिनिटं आरशात बघत होतो. काच खाली करून एक वाक्य बोलता आलं असतं.

स्मशानभूमीत जवानांनी रायफली उलट्या धरून शोक शस्त्र केलं. बिगुलरने लास्ट पोस्टची अखेरची धून वाजवली. पेटीवरचा तिरंगा घडी करून कॅप्टन साहेबांनी वडिलांपुढे धरला. त्यांनी आधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मग तो घेतला.

१६३० ला युनिटमध्ये परतलो. कॅप्टन साहेबांनी उन्हात गाडीभोवती फेरी मारली. एकही ओरखडा नाही. ते म्हणाले, "गुड शो, साब." मी सॅल्यूट केला.

चौदा महिन्यांनी मी रिटायर झालो. काळाचौकीला जायला त्यानंतर आणखी एक वर्ष लागलं. कारणं देण्यात अर्थ नाही. धीर होत नव्हता.

गेलो तो रविवारी सकाळी, साध्या कपड्यांत. फौजेतून रिटायर झालोय, नितीनबद्दल ऐकून भेटायला आलो, एवढंच सांगितलं. तांबे काकांनी ओळखलं नाही. काकींनी, नितीनच्या आईने, चहा टाकला. काका बोलायला लागले. बस डेपोत त्यांची नोकरी होती, तीस वर्षं गाड्या धुण्या-पुसण्याची. नितीन लहानपणी डबा घेऊन यायचा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहायचा, गाड्यांचं वेड तिथलंच. मग त्या दिवसाचा विषय निघाला. चौकात बसवत नव्हतं, काहीतरी हाताला काम हवं होतं, म्हणून बाहेर गेलो, असं ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले की एक साहेब होते, ते गाडीला इतके जपत होते की मलासुद्धा हात लावू दिला नाही. नितीनसाठी फौजेने अशी गाडी ठेवली होती, हे ते आल्या-गेल्याला सांगतात. काकी गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

"काका, तो मी होतो," मी म्हणालो.

 

"मग एक सांगा साहेब," ते म्हणाले. "खरंच ओरखडे पडले असते?"

"नाही. टॉवेल धुतलेला होता. तुम्ही ओढत होतात, घासत नव्हतात. मी बघितलं होतं."

त्यांनी मान हलवली. "मला तेव्हाच वाटलं होतं."

मी माफी मागितली. तेव्हा बोललो ते दोन शब्दही उच्चारून सांगितले आणि त्यांचीही मागितली.  काकींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, गार होईल. माफ केलं असं कोणी म्हणालं नाही, आणि मी त्याची वाट बघू नये हे मला समजलं.

निघताना काकांनी नितीनचा फोटो दाखवला आणि तो कसा गेला ते सांगितलं. त्याच्या युनिटमधला एक सोबती घरी येऊन सांगून गेला होता. ताफ्यात नितीनची गाडी पुढे होती. वळणाच्या पलीकडे रस्ता खचलेला दिसला. त्याने गाडी थांबवली, सोबत्याला उतरून डोंगराच्या बाजूला जायला सांगितलं. मागून येणाऱ्या गाड्यांना वळणामुळे काही दिसत नव्हतं. नितीन जॅकेट काढून ते हलवत चढावर मागच्या दिशेने पळाला. मागच्या चारही गाड्या थांबल्या. शेवटची थांबल्यावर वरून दरड आली, तिच्यात तो सापडला.

तो एकतीस वर्षांचा होता. त्या चार गाड्यांतली सगळी माणसं आज घरी आहेत. मी नितीनला जिवंत कधी पाहिलं नाही. चौकात पेटीचं झाकण उघडून त्याचा चेहरा दाखवला, तेव्हा जवळजवळ सगळी गल्ली आत गेली होती. मी बाहेर गाडी पुसत होतो.