काल दुपारपासून रडत होता

डायपर उघडलं आणि आत लाल. रक्तासारखं पातळ नाही, जेलीसारखं चिकट. पहिल्यांदा मनात आलं बीट असेल, मग आठवलं की बीट मी दिलंच नव्हतं. विहानकडं बघितलं तर तो रडत पण नव्हता. डोळे अर्धे मिटलेले, मान टाकलेली. दहा महिन्यांचं लेकरू, एरवी डायपर बदलताना लाथा मारतं, ते नुसतं पडून. मी त्याला तसाच दुपट्यात गुंडाळला आणि जिना चढून वर शुभदाकाकूंकडं पळाले, पायात चप्पल नाही काही नाही.

हे घरी नव्हते, ऑफिसच्या कामासाठी विमानानं कॅरीला, दुसऱ्या राज्यात गेले होते. मला गाडी येत नाही. इथं इमर्जन्सीला ९११ नंबर लावायचा हे माहीत होतं, पण इंग्लिशमध्ये काय विचारतील आणि मी काय सांगणार म्हणून लावला नाही. ते पण चुकलंच. तुम्ही लावा, भाषा येत नसली तरी लावा, तिथं आपल्या भाषेचं माणूस फोनवर घेतात हे मला नंतर कळलं.

काकू इथं पार्सिपनीत कितीतरी वर्षं आहेत, इथल्या मराठी मंडळात सगळे ओळखतात त्यांना. त्यांनी डायपर बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गाडीची चावी आण, बाळाची कारसीट तिच्यात आहे."

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आम्हाला बसवून ठेवलं नाही, सरळ आत नेलं. तेव्हाच मला कळलं हे साधं नाही, कारण मागच्या वेळी तापासाठी आलो होतो तर किती वेळ बसवलं होतं. एका नर्सनं त्याच्या हाताला सुई लावून सलाइन सुरू केलं. दुसरीनं कपडे काढले तर बेंबीभोवती हिंगाचं वाळलेलं कडं. तिनं विचारलं हे काय आहे. काकूंनी सांगितलं, पोटात गॅस झाला की आमच्याकडं हिंग लावतात. नर्सनं लिहून घेतलं. ती लिहायला लागली तशी मला वाटलं, आता सगळंच लिहून घेतील.

मग अल्ट्रासाउंड, म्हणजे आपली सोनोग्राफी. त्यानंतर डॉक्टर मॅडम आल्या आणि म्हणाल्या इंटससेप्शन आहे. मी तो शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःच्या कोटाची बाही धरली, अर्धी आत ढकलली आणि दाखवलं, आतड्याचा एक भाग असा पुढच्या भागात घुसलाय. मग तिथलं रक्त अडतं. लेकरू एकदम कळवळून रडतं, गुडघे पोटाशी घेतं, मग थोड्या वेळानं गप्प होतं, आपल्याला वाटतं बरं झालं. मग परत. मॅडम सांगत होत्या आणि काकू मराठीत सांगत होत्या, आणि मला तर सगळं आधीच माहीत होतं. तसंच रडला होता तो. अगदी तसंच.

मॅडमनी विचारलं, कधीपासून?

मी म्हणाले, आज सकाळपासून.

खोटं होतं. आदल्या दिवशी दुपारपासून रडत होता.

आता कसं झालं ते सांगते. मी एक कोरियन सिरियल बघत होते, हिंदीत डब केलेली. समुद्राकाठच्या गावातली शाळा, तिथली मुलींची हँडबॉलची टीम, सगळ्या पंधरा-सोळाच्या. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मी त्यांना शर्टाच्या नंबरानं ओळखते. मी अकरावीत शाळा सोडली, लग्न झालं, आत्याच्याच घरी दिलं मला. मी कधी मैदानावर खेळले नाही. त्या पोरी एकमेकींना मिठ्या मारायच्या, भांडायच्या, एका ताटात जेवायच्या, ते बघून मला काय व्हायचं ते सांगता येत नाही. इथं दिवसभर मी आणि विहान आणि हीटरचा आवाज, तेवढंच.

त्या दुपारी नऊ नंबरच्या पोरीची मोठी मॅच होती. विहान एकदम किंचाळला, गुडघे वर घेतले. मी टीव्ही थांबवला, त्याला उचलला, ग्राइप वॉटर दिलं, तिकडं मध्यरात्र होती तरी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या म्हणाली गॅस आहे, हिंग लाव, आणि त्याला लाल टोपी घातली होतीस का, नजर लागली असंल. हिंग लावला. तो गप्प झाला. मी टीव्ही लावला. परत रडला, परत थांबवला. परत गप्प झाला, परत लावला. असं किती वेळा. शेवटी शेवटी मी टीव्ही थांबवला पण नाही, आवाज वाढवला आणि त्याला खांद्यावर घेऊन बघत राहिले. हे लिहिताना पण माझे कान गरम झालेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उलटलं. मग उलटी हिरवी झाली. तरी मी दुपारपर्यंत थांबले, कारण हे संध्याकाळी येणार होते.

हे सगळं मी मॅडमना का सांगितलं नाही? घाबरले. आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला होता, कुणाचं तरी बाळ कॉटवरून पडलं तर सरकारी बाई घरी विचारपूस करायला आली. टीव्ही बघत बसले होते म्हटलं तर माझं लेकरू नेतील असं डोक्यात बसलं. आणि काकू शेजारी उभ्या. त्यांना कळलं म्हणजे सगळ्या मंडळाला कळलं, असं वाटलं. काकूंबद्दल असं वाटून घेतलं त्याची पण लाज वाटते.

मॅडम गेल्या, थोड्या वेळात परत आल्या. आता सोबत सर्जन होते, ऑपरेशन करणारे. मॅडम म्हणाल्या, एअर एनिमा करायचाय, म्हणजे शीच्या जागेतून नळीनं हवा सोडून घुसलेलं आतडं मागं ढकलायचं. पण ते बराच वेळ तसंच असेल तर नाजूक झालेलं असतं, हवेनं फाटू शकतं. तपासून त्यांना वाटत होतं की सकाळपेक्षा जास्त वेळ झालाय.

मग त्या माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या, खाली, फरशीवर. काकूंनी त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "मी तुला दोष द्यायला विचारत नाहीये. मला ठरवायचंय काय करायचं ते. आठवून सांग."

आणि मला ती नऊ नंबरची पोरगी दिसली. तिचा गुडघा सुजला होता. कोच असाच खाली बसून विचारत होता कधीपासून दुखतंय, आणि ती म्हणाली आत्ताच पडले. टीममधून काढतील म्हणून. आदल्या दिवशी विहानला खांद्यावर घेऊन मी त्या टीव्हीला ओरडले होते, अगं सांग की बाई.

मी काकूंना म्हणाले, "काल दुपारपासून. मी सिरियल बघत होते. मला वाटलं गॅस."

काकूंनी इंग्लिशमध्ये सांगितलं. मला थोडं कळतं. यस्टरडे ऐकू आलं, गॅस ऐकू आलं. सिरियल काही ऐकू आलं नाही. काकूंनी ते गाळलं होतं.

मी स्वतः म्हणाले, "आय वॉज वॉचिंग टीव्ही. ही क्राय, आय वॉच."

मॅडम "थँक यू," म्हणाल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच उठून फोन लावला. बस. कुणी बाई आली नाही, कुणी लेकरू नेलं नाही. आधी अँटिबायोटिक दिलं, सलाइन वाढवलं, एक्स-रे काढला, ऑपरेशनची खोली तयार ठेवली, आणि सर्जन स्वतः एअर एनिमाला उभे राहिले.

आम्ही बाहेर. काकूंनी माझ्या पायात त्यांचे मोजे घातले, मी अजून अनवाणीच होते. मी म्हणाले, काकू, ह्यांना सांगू नका. काकू म्हणाल्या, "मी कशाला सांगू? ते तुझं आहे."

पहिल्यांदा हवा सोडली तेव्हा आतडं सरकलं नाही. दुसऱ्यांदा सरकलं. मॅडम बाहेर आल्या आणि काही बोलायच्या आधी त्यांनी कोटाची बाही आतून बाहेर काढून दाखवली. मी खाली बसून रडले. ऑपरेशन लागलं नाही. परत घुसू शकतं म्हणून लक्ष ठेवायला ॲडमिट करून घेतलं. हे विमानतळावरून थेट तिथं आले. दुसऱ्या दिवशी विहाननं नर्सच्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी ओढून तोंडात घातली आणि ती हसून म्हणाली, हा आता घरी जाणार.

घरी आलो. हे सगळ्यांना सांगायला लागले, आमच्या स्वातीनं वेळेत ओळखलं म्हणून वाचला. आत्यानं गावात पेढे वाटले, सुनेचं डोकं चालतं म्हणून. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायांनी मला मधे बसवलं आणि विचारलं, तुला कळलं कसं गं? मी काकूंकडं बघितलं. काकू वाण भरत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. मी म्हणाले, आईला कळतंच. असं म्हणाले मी.

मग मंडळाचा अंक काढणाऱ्या ताई म्हणाल्या, लिहून दे, बाकीच्या आयांना उपयोग होईल. म्हणून हे लिहिलं. लेकरू मधेच कळवळून रडलं, गुडघे पोटाशी घेतले, मग गप्प झालं आणि परत रडलं, तर गप्प झाल्यावर विश्वास ठेवू नका. हिंग लावत बसू नका. डॉक्टरनं विचारलं कधीपासून, तर खरं सांगा, कितीही लाज वाटली तरी. त्या मॅडमचे, सर्जनचे आणि काकूंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

हे अजून ह्यांनी वाचलेलं नाही. अंक घरी येईल, हे आधी माझंच पान काढतील, मोठ्यानं वाचायला लागतील, आत्या फोनवर ऐकत असेल. देण्याआधी मी त्यातलं टीव्हीचं सगळं दोनदा काढलं आणि परत घातलं. ते काढलं तरी बाकीचं उपयोगाचं होतंच की.

तुम्ही काय केलं असतं?