वाकळबाईंची मिसरी

जीवशास्त्राच्या तासाला वाकळ घेऊन येणारी बाई अख्ख्या निपाणीत एकच! जुन्या लुगड्यांची, टाक्यावर टाका घातलेली ती वाकळ टेबलावर पसरून त्या म्हणायच्या, "हे बघा, तुमचा डीएनए." आम्ही खिदळायचो. त्यांचं नावच आम्ही वाकळबाई पाडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"उन्हानं, धुरानं, नुसत्या जगण्यानं बी ह्यो रोज उसवतोय. शिवणारी आतच बसलीया. वय झालं की तिचा हात मंदावतोय, उसवलेलं तसंच ऱ्हातंय. म्हातारपण बरंचसं तिथनंच येतंय गं." एवढं सोपं करून मला मेडिकललाही कुणी सांगितलं नाही.

पण मधल्या सुट्टीत याच बाई नळावर जाऊन दातांना मिसरी लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड! आमच्याकडे बायका ती दात घासायची म्हणून लावतात; आपण तंबाखू खातो असं एकीलाही वाटत नाही. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला. तिच्याही कनवटीला डबी असायचीच. मी मुलखाची आगाऊ. एकदा विचारलंच, "बाई, ह्यानं उसवत न्हाय व्हय?"

बाई ओशाळल्या. "उसवतंय की. पर ल्हानपणापासनं लावतीया, सुटत न्हाय बघ."

पुढे मी बेळगावात पॅथॉलॉजिस्ट झाले. गेल्या वर्षी गालाच्या आतला एक तुकडा तपासायला आला. बाटलीवर बाईंचं नाव! कॅन्सरच निघाला. रिपोर्ट घेऊन मीच निपाणीला गेले.

"लई उसवलंय?"

"व्हय, बाई." मला रडू आवरेना.

"रडू नगं. तुझी आई अजून लावती?"

"लावती की." सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. पोटच्या डॉक्टरचं कोण ऐकतंय!

"धाड तिला माझ्याकडं."

आई त्यांच्याकडे गेली. बाईंनी तिला भाषण दिलं नाही. फक्त तोंड उघडून दाखवलं. "आक्का, माझा टाका आता बसत न्हाय. तुमचा अजून बसंल." आईनं कनवटीची डबी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यानंतर तिनं मिसरीला बोट लावलेलं नाही.

दिवाळीच्या आधी बाई गेल्या. त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे वाकळ माझ्याकडे आली. घडी मोडताना कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं. चाचपून बघितलं तर नव्या ठिगळाखाली आईची डबी, चारी बाजूंनी दाट टाके घालून शिवलेली. बाईंच्याच हाताचे, वेडेवाकडे टाके. मी कात्री घ्यायला उठले.

शेजारी बसलेल्या आईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. उसवू नगं."