सहा दिवस एकच लुगडं

टाइमलॅप्सचा माझा पहिला प्रयोग ढगांवर होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो आणि गच्चीच्या कठड्याला फोन टेकवून तासभर खाली जाऊन बसलो. ढग आलेच नाहीत, कारण सेल्फीचा कॅमेरा चालू राहिला होता. त्यामुळे वाळत घातलेले पापड बायकोनं तासाभरात किती वेळा उलटले, ते मात्र अर्ध्या मिनिटात कळलं.

एवढ्या अनुभवावर मी शेजाऱ्याला शब्द दिला.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. माझं झेरॉक्सचं दुकान, त्याची घरामागं दीड एकर ज्वारी. दरवर्षी तो पेरणी करतो, पीक गुडघ्याला लागायच्या आत नवरा-बायको ऊसतोडीला जातात आणि परत येतात तेव्हा रानात नुसती धसकटं असतात. कापणी त्याची आई गड्यांकडून करून घेते. फोनवर पापडांचा व्हिडिओ बघून तो म्हणाला, "असं माझ्या ज्वारीचं हुईल का बे? पोटरीतून कणीस भाईर येतंय, ज्वारी निसवती ना, तेवढं बघायचंय. लग्न झाल्यापून बघितलं न्हाई."

"त्यात काय हाय," मी म्हणालो.

दोघं तोडीला गेल्यावर मी बांधावर मेढ रोवली, तिला जुना मोबाइल अडकवायला पत्र्याची खोबण केली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक फोटो. पहिल्या दिवशी मी बटण दाबणार तोच शेजाऱ्याची आई धुतलेलं लुगडं नेसून, पदर घेऊन ज्वारीपुढं उभी राहिली.

"मावशी, नुसत्या रानाचा फोटो काढायचाय."

"रिकाम्या रानाचा फोटू कोन काढतं, बाबा? घरचं मानूस पायजे."

दुसऱ्या दिवशीही ती हजर. मग मी नाद सोडला. ज्वारी तिच्या गुडघ्याला आली, कमरेला आली, खांद्याला आली. मी एक दिवसही चुकवला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मेव्हणीचं लग्न युसूफ वडगावला निघालं आणि मी सहा दिवस तिकडं गेलतो. आल्यावर बघतो तर ज्वारी मावशीच्या डोक्याच्या वर. मी शेवटचा फोटो सहा वेळा चिकटवला आणि भोक बुजवलं. कोण मोजतंय?

पाडव्याच्या सुमाराला दोघं परत आले. त्यांच्या ओट्यावर चहा घेत मी फिल्म लावली. नवशिक्या माणसाला आपलं काम लवकर संपलेलं आवडत नाही, म्हणून चांगली हळू ठेवली होती, कोपऱ्यात दिवसाचा आकडा टाकून. शेजारी वाकून बघत होता. त्याची बायको मात्र ज्वारीकडं बघतच नव्हती.

"भावजी, जरा मागं घ्या. हितं आत्याबाईंचं हिरवं लुगडं बदलतच न्हाई. सा दिवस." मग सासूकडं वळून म्हणाली, "तवा फोनवर आवाज बसल्याला होता तुमचा. आजारी व्हता ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मंग कावून सांगितलं न्हाई?" शेजारी म्हणाला. "आमी तोड सोडून आलो असतो का न्हाई?" आईनं शपथ घेतली तरी त्याला पटेना. पुढच्या वर्षी आपण जायचंच नाही, इथवर बोलणं गेलं. मी गप्प बसलो असतो तर माझी फिल्म वाचली असती आणि म्हातारी खोटी ठरली असती.

मी सांगितलं. लग्न, सहा दिवस, चिकटवलेला फोटो.

मावशीनं कप खाली ठेवला. "म्हंजे जगापुढं मला सा दिवस पारोशी ठिवलंस व्हय रं?"

शेजाऱ्याची बायको हसायला लागली. त्यानं फोन हातात घेतला, ती जागा परत लावली. हिरव्या लुगड्यामागं ज्वारी पोटरीत होती, कणीस अजून पानात मिटलेलं. पुढचं लुगडं जांभळं, आणि मागं कणसं उभी. तीन वेळा बघितलं त्यानं.

"म्हंजे निसवली तवाच तू लग्नात."

"हो."

"जेवायला काय होतं?"

"गुलाबजाम."

"चांगले होते का?"

"आतून कच्चे होते," मी म्हणालो. खरंच होते.

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि चौथ्यांदा लावली.