ठेवलेलं ताट

आई गेली आणि पाठोपाठ माझी झोपही गेली. सोलापुरात माझी रक्त तपासणीची लहानशी लॅब आहे. काम करताना मधूनच छाती धडधडायला लागायची, श्वास पुरेनासा व्हायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या घ्याच, पण रोज घटकाभर मोकळ्या रानात जाऊन बसा." मला हसू आलं. शेतकऱ्याच्या मुलीला रान औषध म्हणून लिहून देतात! जपाची माळ रोज ओढत होते, पण मन कोरडं. देव ऐकतो तरी का, असं मनात यायचं आणि आलं म्हणून भीतीही वाटायची.

खरं दुखणं मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. आमच्या अक्कलकोटच्या बाजूला मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. बायका स्वयंपाक डोक्यावर घेऊन शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करून पूजा करतात आणि सगळे तिथंच जेवतात. आई दरवर्षी बोलवायची आणि मी दरवर्षी म्हणायचे, "लॅब बंद ठेवता येत नाही गं, डबा पाठव." ती एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची. शेवटच्या वर्षी फोनवर म्हणाली, "डबा पाठविते बाय, पर रान कसं पाठवू?" मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून फोन ठेवला. कामाच्या गडबडीत डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या भज्जीला, येळवशीच्या त्या मिसळभाजीला, वास आला, म्हणून टाकून दिली. त्याच फाल्गुनात आई गेली. भावानं शेत दुसऱ्याला कसायला दिलं आणि मी तिकडं फिरकलेच नाही.

त्यानंतरच्या थंडीत, देवाकडे निदान झोप तरी मागावी म्हणून अक्कलकोटच्या एसटीत बसले. अर्ध्या वाटेत पुन्हा तीच धडधड सुरू झाली. जीव गुदमरला, तशी एका फाट्यावर उतरले आणि लिंबाच्या झाडाला धरून उभी राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या ज्वारीतून एक म्हाताऱ्या बाई लगबगीनं आल्या.

"बरं वाटंना व्हय? या की रानात. आज येळवस हाय, वाटंवरचं मानूस उपाशी जाऊ द्येत न्हाईत."

येळवस! मला दिवससुद्धा आठवला नव्हता. लाजेनं मान वर होईना. त्यांनी हात धरून मला छातीएवढ्या ज्वारीतून कोपीपाशी नेलं. त्यांच्या घरची माणसं जेवून बांधाकडे पांगली होती. काळ्या मातीवर मांडी घालून बसले, हरभऱ्याचा आंबूस वास नाकात गेला आणि किती दिवसांनी पोटभर श्वास आला. मग रडू आलं. त्यांनी आंबिलीचा गडू पुढं सरकवला. कोपीत एक वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं. तेच त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"हे कुणाचं?"

"पोराचं. पुन्याला असतोय. येत न्हाई, पर ठेवायचं."

घास हातातच राहिला. माझी आईही असंच ठेवत असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी कसंबसं विचारलं, "आणि कुणीच आलं नाही तर?"

"येतंय की कुनीतरी. न्हाईतर गुरं हायती, पाखरं हायती. ठेवल्यालं वाया जात न्हाई. जेवा तुमी."

मी जेवले. आईनं रानात ठेवलेलं माझं ताट दरवर्षी कुणीतरी खाल्लं असेल. वाया गेलं ते मी टाकलं तेवढंच. जेवून तिथंच कोपीच्या सावलीला आडवी झाले. ज्वारीची पानं एकमेकांना घासत होती. त्या आवाजात कधी डोळा लागला, कळलं नाही. उठले तेव्हा ऊन कललं होतं आणि अंगावर त्या बाईंची घोंगडी होती. त्या दिवशी मंदिरापर्यंत पोचले नाही. ज्या देवाकडे मागायला निघाले होते, त्यानं वाटेतच उतरवून घेतलं. आणखी काही मागावंसं वाटलं नाही. त्या माउलीचं नाव विचारायचंही राहून गेलं.

आता दर रविवारी आमच्या जुन्या शेतात जाते. गोळ्या चालू आहेत, पण कमी झाल्या आहेत. आपल्या हातात किती थोडं असतं, हे बांधावर बसलं की कळतं आणि त्याची आता भीती वाटत नाही. बांधावर पाय ठेवला की तोंडातून आपसूक निघतं, "आई, आले गं." जे एकदा तरी तिच्या कानावर पडायला हवं होतं, ते मी दर रविवारी ज्वारीला सांगते.