विघटक म्हणजे काय

दहावीला बाहेरून बसणाऱ्या बायकांना मी दुपारी पर्यावरणशास्त्र शिकवत असे. त्यांतल्या सुमनताई गावच्या खतखड्ड्यावर कामाला होत्या. व्याख्या पाठ होत नाहीत म्हणून एके दिवशी त्या वर्ग सोडते असं सांगायला आल्या. मी म्हटलं, "आजचा तास तरी बसा."

फळ्यावर मी 'विघटक' लिहिलं. मेलेलं कुजवून त्याची माती करणारे सूक्ष्मजीव.

"बाई, ते कामाला लागले की ढीग तापतो," सुमनताई हळूच म्हणाल्या. "थंडीत सकाळी उकरला तर वाफ निघते. हात घातला तर चटका बसतो."

इतकी वर्षं मी हा शब्द शिकवत होते. त्याला ऊब असते, हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकातले किती शब्द कुणाच्या तरी हातांना आधीच ओळखीचे असतात, आणि त्या माणसाला मात्र वाटत राहतं की आपल्याला काहीच येत नाही.

"खत तयार झालं हे कसं कळतं?" मी विचारलं.

"वासावरून. कुजका वास जाऊन मातीचा येतो."

बायका वळून त्यांच्याकडे बघत होत्या. मी खडू सुमनताईंच्या हाती दिला आणि बाकावर जाऊन बसले. त्यांनी पदर सारखा केला आणि बोलायला सुरुवात केली.