तेवीस नावं

जुलैचा दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. सांगलीतलं आमचं लहानसं चर्च. हजर : पाळकसाहेब, पेटीवर सुहासकाका, पुरुष एकोणीस, महिला सव्वीस, संडेस्कूलची मुलं नऊ. गुडघा दुखतो म्हणून आशाबाई गैरहजर. दर रविवारी हजेरी मीच लिहिते, म्हणून हे वहीत आहे. प्रार्थनेच्या वेळी मी उभी राहिले आणि कंबोडियात सेवाकार्य करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या, विनयच्या मंडळीची नावं वाचली. सोखा, चंथी, दारा, सोफीप... एकूण तेवीस. प्रत्येक नावानंतर सगळे ‘प्रभू, ऐक’ म्हणत होते. खाली बसून पर्स उघडली तर फोनवर एस्तेरचे, म्हणजे विनयच्या बायकोचे, सात मिस्ड कॉल होते. तीन दिवसांच्या तापात विनय गेला होता. मी नावं वाचायला उभी राहिले तेव्हा त्याला जाऊन एक तास झाला होता. सेहेचाळीस वर्षांचा होता.

आम्ही मूळचे मलकापूरचे. वडील कराडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. विनय आठ वर्षांचा असताना त्याने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं आणि पुन्हा जोडलं. घड्याळ चालू झालं. तरी तो माझ्यासमोर तळहात पसरून उभा. ‘‘ताई, एक स्क्रू उरलाय गं.’’ मी म्हटलं, ‘‘चालतंय ना घड्याळ? मग दे टाकून.’’ तो म्हणाला, ‘‘न्हाई गं. उरलाय तर सांगाय नको?’’ वडील ड्यूटीवरून येईपर्यंत तो स्क्रू मुठीत धरून दारात उभा राहिला, त्यांना सांगितलं, दोन रट्टे खाल्ले आणि मगच जेवायला बसला. एवढं हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं त्यात खोटेपणा त्याच्या स्वभावातला होता असं कुणाला वाटायला नको.

पुढे तो कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये पंपांचा फिटर झाला. मग ते सोडून बायबलचं शिक्षण घेतलं आणि जत तालुक्यात सुवार्तिक म्हणून गेला. तिथे त्याच्याकडे लोक यायचे, पण बहुतेक बिघडलेली पाण्याची मोटार घेऊन. मेंढरं राखणारे बिरूआप्पा त्याला सरळ म्हणाले होते, ‘‘आवं पाद्रीबाबा, तुमचा देव ऱ्हाऊ द्या बाजूला, आदी माजी मोटार बगा.’’ याने मोटार चालू करून दिली आणि विचारलं, ‘‘आता तरी ऐकता का देवाचं?’’ तर म्हातारा म्हणाला, ‘‘आता मेंढरास्नी पानी पाजू द्या की! देव काय पळून चाललाय व्हय?’’ हे सांगताना विनयच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायचं. तो जतला गेला तेव्हा मंडळीत पाच घरं होती, अकरा वर्षांनी निघाला तेव्हा सहा. ‘‘सहावं घर माझंच,’’ असं तो स्वतःच सांगायचा. एस्तेर जतचीच.

कंबोडियाचं बोलावणं त्याच्याबरोबर शिकलेल्या एका मित्राकडून आलं. नदीकाठचं गाव, सगळे बौद्ध, खांबांवर उभी घरं, भाताची शेती. एस्तेरला जायचं नव्हतं, त्यांची मुलगी ग्रेस तेव्हा चार वर्षांची होती. त्याने दोन महिने वाट पाहिली, मग एस्तेरच म्हणाली, जाऊ या. मी सामानाची यादी केली. अडतीस वस्तू : भाकरीचा तवा, ज्वारीचं पीठ, मराठी बायबल, गीतांचं पुस्तक, तापाच्या गोळ्या... एकाच वस्तूवर मी फुली मारली होती, ती म्हणजे त्याच्या पान्यांचा संच. ‘‘तिथे मोटारी दुरुस्त करायला चाललायस का?’’ तो म्हणाला, ‘‘असू दे गं.’’ आणि तो जड संच कपड्यांच्या तळाशी गेलाच.

पहिल्या वर्षी तो दर महिन्याला जे घडेल ते लिहायचा. त्यातला एक मजकूर माझ्या फोनमध्ये आहे : ‘‘या महिन्यात उपासनेला कोणी आलं नाही. आम्ही तिघंच गायलो. शेजारच्या सोखाचा पंप उघडला, आत गवत अडकलं होतं. त्याने मासे दिले.’’ त्यावर माझं उत्तरही आहे : ‘‘असं मंडळीत वाचता येत नाही. लोक तुझ्यासाठी प्रार्थना करतात, त्यांना काहीतरी हवं. नावं पाठव.’’ सोबत मी एक तक्ता करून पाठवला. नाव, वय, कधीपासून येतात, प्रार्थनेची गरज. मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, तक्ते करणं हे माझं कामच आहे. पुढच्या महिन्यात चार नावं आली. मग नऊ. दुसऱ्या वर्षी तेवीस झाली आणि पुढे तेवीसच राहिली. सगळे तक्ते मी छापून फाइलला लावले. आमच्या महिला मंडळाने नावं वाटून घेतली. एक्याऐंशी वर्षांच्या आशाबाईंनी चंथी मागून घेतली. ‘‘तिचाबी गुडघा दुखतोय, माजाबी दुखतोय. आमचं जमंल,’’ म्हणाल्या. गेली सात वर्षं त्या रोज पहाटे चंथीचं नाव घेतात.

विनयला इकडे आणता आलं नाही. कागदपत्रांना दहा दिवस लागणार होते आणि त्या गावात तेवढे दिवस ठेवण्याची सोय नव्हती. सोखाने आपल्या शेताच्या टोकाची जागा दिली. ग्रेसने फोन धरला होता, त्यातून मी मातीला हजर राहिले. सवयीने मोजले : एकतीस माणसं. काहींच्या हातात उदबत्त्या होत्या. मला वाटलं, चला, तेवीसच्या वर भरली.

एस्तेर आणि ग्रेस तीन आठवड्यांनी सांगलीला आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाइल घेऊन बसले. तिथल्या मंडळीला आभाराचं पत्र पाठवायचं होतं आणि आता उपासना कोण चालवणार ते विचारायचं होतं. एस्तेर बराच वेळ तक्ते उलटत राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, हे सगळे पंपवाले आहेत.’’

मला कळेना. ती म्हणाली, ‘‘यांचे पंप त्यांनी दुरुस्त केलेत. माणसं खरी आहेत, दुखणीही खरी आहेत. उपासनेला कोणी येत नव्हतं. एक म्हातारी यायची, चहापुरती. तीही वारली.’’

‘‘पण मातीला एवढी माणसं आली होती...’’

‘‘मयताला सगळेच येतात, ताई.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती सांगत होती की तो कितीदा तरी ठरवायचा, ताईला खरं लिहितो. मग माझा फोन यायचा आणि माझा पहिला प्रश्न असायचा, ‘‘या महिन्यात किती?’’ कसा आहेस हे त्यानंतर. मला आठवतं, गेल्या नाताळाआधी तो म्हणाला होता, ‘‘ताई, एक सांगायचं होतं गं...’’ आणि मी म्हणाले होते, ‘‘आत्ता माल उतरतोय, लिहून पाठव.’’ त्याने लिहून काही पाठवलं नाही. तक्ता आला, तेवीस नावांचा. तो पुन्हा मूठ मिटून दारात उभा होता आणि मीच त्याला म्हटलं होतं, चालतंय ना, मग दे टाकून.

पाळकसाहेब म्हणतात, त्याचं काम वाया गेलेलं नाही, आपल्याला दिसत नाही एवढंच. मी मान हलवते. पण मला जे दिसतं ते असं आहे : दहा वर्षं, तिघांनी गायलेली गाणी, समोर रिकामी चटई, आणि ज्या एका माणसाला हे सांगता आलं असतं ती बहीण आकडा मागते आहे. त्यांचं तिथलं घर आता दुसऱ्याला भाड्याने गेलं आहे. एस्तेर सांगते, पावसाळ्यात नदी सोखाच्या शेताच्या टोकापर्यंत येते. आता आली असेल.

माझी कामं बहुतेक उरकली. एस्तेरचे कागद झाले. ग्रेसला जतच्या शाळेत घातलं. ती आजोळच्या कोंबड्यांशी तिकडच्या ख्मेर भाषेत बोलते, माणसांशी फारसं बोलत नाही. तवा एस्तेरने नेला. पान्यांचा संच माझ्याकडे आहे. पुसून, तेल लावून फडताळात ठेवला. बारा नंबरचा पाना सगळ्यात झिजलेला आहे. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी त्यांनी ते मंडळीला सांगितलं. हजेरी लिहायची त्या दिवशी राहिली. जाताना पाळकसाहेब मला म्हणाले, ‘‘आशाबाईंना मात्र तुम्ही सांगा.’’

आशाबाई आता घराबाहेर पडत नाहीत. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांचाच फोन आला. ‘‘विनय गेला गं पोरी, लय वाईट झालं. पर चंथीकडं आता कोण बगतंय? गुडघा कसा हाय तिचा?’’

एस्तेर म्हणते, चंथी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे शहरात राहायला गेली, पुढचं काही कळलं नाही. मी आशाबाईंना म्हटलं, ‘‘चौकशी करून सांगते.’’

वहीत काम लिहिलेलं आहे : आशाबाई, गावभाग, जाऊन सांगणे. तीन आठवडे ते मी एका पानावरून पुढच्या पानावर उतरवते आहे. उद्या पहाटेही त्या चंथीचं नाव घेतील.