पळस बघायला गेल्तो

आमच्या जालना जिल्ह्यात लोक लोखंडासाठी येतात, बियाण्यांसाठी येतात, मोसंबीचा सौदा करायला येतात आणि चतुर्थीला राजूरच्या गणपतीला येतात. फुलं बघायला कुणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी, बायको आणि आई असे आम्ही तिघं गाडीत बसून "फुलं बघायला चाललोय" म्हणालो, तेव्हा शेजारच्या काकांनी फाटकावर हात ठेवून दोनदा विचारलं, की नक्की कार्यक्रम कुणाकडे आहे. लग्न लपवतोय असं त्यांना वाटलं असावं.

हट्ट आईचा होता. आईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी कागदावर एक मोठा गोल काढला, त्यात एक छोटा गोल काढला आणि दोन गोलांमधली सगळी जागा पेनानं काळी केली. "कडेची नजर गेली ती गेली, ती परत येत नसते. मधली आहे तेवढी थेंब टाकून सांभाळायची. नळीतून पाहिल्यासारखं दिसत असेल त्यांना." ही नळी किती दिवस उघडी राहील, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. आई मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "शिमगा आला ना? मला आमच्या बांधावरचा पळस बघायचा हे."

हसनाबादच्या पुढं, आडरस्त्याला आईचं माहेर आहे. तिथल्या शेताच्या बांधावर हे झाड. लहानपणी आई आणि तिच्या बहिणी त्याची पानं तोडून पत्रावळ्या लावायच्या. गावात लग्न निघालं की पोरींना आठ-आठ दिवस तेच काम. "मंग फुलं तर तू लई बघितली असतील," मी म्हणालो. ती म्हणाली, "फुलं येतात तव्हा पानं झडलेली असतात. बिनपानाच्या झाडाकडं कोण बघतं? ते आमच्या कामाचंच नसायचं." म्हणजे सत्तर वर्षं ज्या झाडाकडं फुलात असताना ढुंकून पाहिलं नाही, ते आता नळीतून बघायचं होतं.

मी ठरवलं, की वाटेत कुणाला कळवायचं नाही. आमच्याकडे नातेवाइकाच्या गावावरून गाडी गेली आणि तुम्ही त्याच्या घरी पाणी घेतलं नाही, तर ते भांडण समजलं जातं. "दारावरून गेले," असं पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकवलं जातं. म्हणून मी फक्त मामेभावाला फोन केला. मामा गेल्यापासून शेत तोच करतो. त्याला बजावून सांगितलं, की जेवण साधं ठेव आणि आईला हल्ली नीट दिसत नाही, ढेकळातून चालताना तिचे हाल होतील, तेवढी काहीतरी सोय बघ. "बिलकुल काळजी करू नका दादा," तो म्हणाला. माझी योजना पक्की होती. तिच्यात उणीव एकच होती. आईकडेही फोन आहे, आणि तिनं आदल्या रात्रीच सगळ्यांना कळवून टाकलं होतं.

पहिला मुक्काम राजूर. तिथं आईची जुनी शेजारीण राहते. ती रस्त्यावरच उभी होती, त्यामुळे दारावरून जाणंसुद्धा शक्य नव्हतं. गच्चीवर कुरडयांचा घाट चालला होता आणि गव्हाचा चीक नुकताच शिजून तयार होता. "चीक खाल्ल्याबगर जायचं न्हाई," तिनं जाहीर केलं. मी म्हणालो, "आम्ही नाश्ता करून निघालो." हे वाक्य आमच्या भागात लोकांना ऐकूच येत नाही. बशीभर चीक, त्यावर दूध, त्यावर साखर. तो संपत आला की वाढणारीचा हात आपोआप पुढं येतो, आणि बशी मागं घेतली तर पळी तिच्या मागं येते. वर चहा. निघताना बायकोला ब्लाउजपीस आणि मला टॉवेल-टोपी. टोपी घालूनच निघावं लागतं, हातात धरली तर आवडली नाही असा अर्थ होतो.

राजूर सोडलं आणि माळावर पळस दिसायला लागले. खरं सांगतो, पन्नाशी उलटली तरी मी हे कधी पाहिलं नव्हतं. या रस्त्यानं शेकडो वेळा गेलो असेन, पण दरवेळी पुढच्या ट्रकचा नंबर वाचत. करडई काढायला आलेली, हरभरा निघून गेलेला, सगळं रान करपलेलं, आणि मध्येच एखादं झाड शेगडीत फुंकर मारल्यासारखं लालभडक. "आई, डाव्या बाजूला बघ," मी म्हणायचो. आई मान डावीकडे वळवायची, मग हळूहळू वर, मग खाली, हरवलेली सुई शोधावी तशी. तेवढ्यात झाड मागं पडलेलं असायचं.

"दिसलं का?"

"हं."

तिच्या या "हं"चा अर्थ मला लागेना. बायको म्हणाली, गाडी थांबवा ना जरा. मी म्हणालो, हसनाबादला मावशी वाट बघतेय. ज्या पाहुणचाराला मी सकाळपासून शिव्या घालत होतो, त्याच्याच वेळा सांभाळत मी फुलांच्या बाजूनं साठच्या वेगानं चाललो होतो. पुढं मी आईची परीक्षाही घेतली. एका मोकळ्या माळाकडे बोट दाखवून म्हणालो, "ते बघ, तिथं चार आहेत." आई बराच वेळ तिकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "असतील." परीक्षा घेतल्याची मला लाज वाटली.

हसनाबादची मावशी म्हणजे आईची मावसबहीण. तिच्याकडे धपाटे, दही, लसणाचा ठेचा आणि तुटलेल्या पायाची एक खुर्ची, जी पाहुण्यालाच दिली जाते कारण घरचे लोक तिच्यावर बसत नाहीत. "पुढं जेवायचंय," मी म्हणालो. "मंग हे काय जेवण हे का?" मावशीनं विचारलं आणि चौथं धपाटं टाकलं. आई मात्र मजेत होती. बहिणीचा हात धरून बसली होती, अगदी जवळ तोंड नेऊन तिचा चेहरा तुकड्या-तुकड्यानं बघत होती. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. मावशी म्हणाली, "अक्का, अशी काय बघू राह्यली?" आई म्हणाली, "तू म्हातारी झाली का बघून राह्यले." दुसरा टॉवेल, दुसरी टोपी. पहिली काढून दुसरी घातली.

जालन्यातून सकाळी आठला निघालेली आमची गाडी अडीच वाजता आईच्या माहेरी पोचली. चालतही बहुतेक तेव्हाच पोचलो असतो, फक्त वजन कमी भरलं असतं. मामेभाऊ पाया पडला, आईला हाताला धरून आत घेऊन गेला आणि त्याच्या बायकोच्या हवाली केलं. साधं जेवण सांगितलं होतं म्हणून पुरणपोळी, येसराची आमटी, कुरडई-पापड आणि भाताचा डोंगर एवढंच होतं.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. मामेभाऊ माझ्या मागोमाग आला. चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या पोराचा आनंद. न्हाणीजवळ सावलीत एक भलंमोठं टोपलं होतं, वर ओलं फडकं. त्यानं फडकं उचललं. टोपलं काठोकाठ पळसाच्या फुलांनी भरलं होतं.

"तुम्ही म्हनले ना दादा, आत्याला ढेकळातून चालायचं जमत न्हाई. मंग म्हनलं आत्यानं कशाला उन्हात जायचं? फुलं बघायचीत ना, घरीच आणू. सकाळपासून दोन मानसं लावली. आकडीनं फांदी वाकवू वाकवू काढली. एक फूल ठिवलं न्हाई."

मी त्याला विचारलं, कोणत्या झाडाची.

"बांधावरच्या. आत्याला तेच पाहिजे होतं ना?"

यात त्याची चूक कुठं होती, ते मला आजही दाखवता येणार नाही. सोय बघ असं मीच सांगितलं होतं. पाहुणा चालत गेला तर आपल्या घराची इज्जत गेली असं मानणारा माणूस तो. त्यानं झाडच पाहुण्याकडे आणलं. मला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी फडकं परत झाकलं आणि म्हणालो, "आत्याला आत्ता सांगू नको." का नको, ते त्याला कळलं नाही. पण मोठ्या भावाचं ऐकायचं असतं, म्हणून तो गप्प बसला.

मला वाटलं, जेवणानं आई सुस्तावेल, आडवी होईल, आणि मग काहीतरी कारण काढून निघता येईल. आईनं दोन पोळ्या खाल्ल्या, पदराला हात पुसला आणि उभी राहिली. "चल, झाड बघू."

"आत्या, ऊन लई हे," मामेभाऊ म्हणाला.

"फुलं उन्हातच असतात," आई म्हणाली.

पंधरा मिनिटांची वाट आम्ही अर्ध्या तासात चाललो. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मामेभाऊ, मागं बायको फोन घेऊन. झाड आलं. पानं झडलेली, फुलं तोडलेली, नुसत्या वेड्यावाकड्या काळ्या फांद्या. खाली तुडवलेल्या चार-दोन पाकळ्या. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिनं डोळ्यावर हात धरला. बुंध्यापासून सुरुवात केली, मग एकेक फांदी धरून हळूहळू वर गेली. खूप वेळ लावला. मग वरच थांबली.

"लई चांगलं फुललं हे," ती म्हणाली.

मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. म्हणजे नळीही मिटली होती. आईला आता काही दिसत नव्हतं आणि ती आठवणीतलं झाड बघून आम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत होती. की आठवणीतलंही नाही, कारण फुलातलं झाड तर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "हो आई," मी म्हणालो, "फारच फुललंय." आयुष्यात एवढं कठीण वाक्य मी बोललो नसेन. बायकोनं झाडाखाली उभं करून आमचा फोटो काढला. त्या फोटोत मी डोक्यावर नवी टोपी घालून स्मशानातून आल्यासारखा उभा आहे.

निघताना चहा झाला. तिसरा टॉवेल, तिसरी टोपी झाली. मामेभावाला राहवेना. त्यानं फडक्यासकट टोपलं डिकीत ठेवलं आणि मला हळूच म्हणाला, "रंगाला तरी होतील." आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "लई केलंस माझ्यासाठी."

गाव मागं पडलं. उद्या डॉक्टरांना फोन करायचा, छत्रपती संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, की आता नेऊन काही उपयोग नाही, असं सगळं डोक्यात चाललं होतं. समोरचा रस्ता पुसट दिसायला लागला म्हणून मी चष्मा काढून पुसला.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गाढवानं पार बोडकं केलं झाड. डिकीत तीच फुलं ठिवली ना?"

मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"तुला दिसलं?"

"न दिसायला काय झालं? मला सगळं एकदम दिसत न्हाई. एकेक करून बघितलं तर दिसतं."

"मंग लई फुललंय म्हनालीस ते?"

"त्याच्या तोंडावर काय म्हनू? उन्हातान्हात त्यानं माझ्यासाठी काढली." मग म्हणाली, "आन् मी खोटं कुठं बोलले? शेंड्याला एक होतं की. तिथवर त्याची आकडी पुरली नसंल."

मी म्हणालो, शेंड्याला काही नव्हतं. मी तिथंच होतो. बायकोनं फोन काढला, तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करत वर वर नेला. माझी टोपी गेली, फांद्या गेल्या, आणि अगदी टोकाला, निळ्या आभाळावर, एक केशरी फूल होतं. मी झाडाखाली उभा होतो, माझे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि मी एकदाही मान वर केली नव्हती. मला एवढा आनंद झाला, की मला माझी लाजसुद्धा वाटली नाही.

आई फोन नाकाशी धरून बघत होती. "यात बारीक दिसून राह्यलंय," ती म्हणाली. "तिथं चांगलं दिसत होतं."

"परत बघायचं का?"

"जाऊ दे. उशीर हुईल तुला."

"मागं गेलो तर पुन्हा चहा घ्यावा लागेल," मी म्हणालो.

"मंग घेऊ की."

मी तिसरी टोपी परत डोक्यावर घातली आणि गाडी वळवली.